आज काड्या जास्त

राख आणि किस्से सारखेच. रोज ओंजळभर पडतात, कोणी बघत नाही, आणि एक दिवस मान वर करावी तर ढीग. नाशकात एका कारखान्याच्या बॉयलरची राख मी वीस वर्षं उपसली. शिक्षण सातवी, तेही मास्तर मला कंटाळले म्हणून.

नव्वद सालानंतर कोळसा वेळेवर येईना. मग त्यात द्राक्षबागांच्या छाटलेल्या काड्या जाळायला लागले. राखेचा स्वभावच बदलला.

लॅबचे देशमुख साहेब तिचा रिपोर्ट तीन दिवसांनी काढायचे. मी ओल्या बोटांत चिमूट चोळून जागेवर सांगायचो, "आज काड्या जास्त."
"कशावरून?"
"साबणासारखी बुळबुळतेय, साहेब."
रिपोर्ट तोच आला. साहेबांनी तो घडी घालून खिशात टाकला.

राखेवर आम्ही चौघं. त्यातला श्रीपत ही राख बायकोला भांडी घासायला न्यायचा. एकदा त्याने नुसत्या कोळशाची नेली. ताटांवर ओरखडे. दुसऱ्या दिवशी वहिनींचा निरोप आला, "द्राक्षाची असंल तरच पाठवा." बघा, आमच्या राखेला घराघरातून पसंती होती!

मग आमची राख विटांत घालणाऱ्या पारूबाई आल्या. हातात तुटकी वीट. "ही तुमची राख. लय ठिसूळ. मला नको."
साहेब म्हणाले, "मग टाका खड्ड्यात. आणि राखेवरचे तुम्ही चौघं..." पुढचं त्यांनी गिळलं, पण आम्हाला ऐकू आलं.

मी बादलीभर पाण्यात राख सोडली. करडी खाली बसली, काळी वर तरंगली. "साहेब, हा अर्धवट जळालेल्या काड्यांचा कोळसा. वीट हाच खातो. चाळून काढू."
"एवढी बारीक चाळणी आहे कुठे?"
"बघतो," म्हटलं.

शिपायाला साहेबांच्याच घरी पिठाची चाळणी आणायला धाडलं. सांगायला लावलं, लॅबसाठी हवीय. बाईसाहेबांनी बिचाऱ्यांनी दिली. चौघांनी दहा विटांपुरती राख चाळली. पारूबाईंनी विटा पाडल्या, पाणी मारून पिकवल्या, आणि एक आणून साहेबांच्या पायाशी आपटली. फरशीचा टवका उडाला, वीट शाबूत.
"ट्रॅक्टर कधी लावू?" पारूबाई म्हणाल्या.

आम्ही चौघं कामावर राहिलो. चाळणी झटकून परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी डबा उघडला. भाकरीचा घास घेतला, थांबले, तोंडातून काढला, दोन बोटांत चोळला. मग माझ्याकडे बघत म्हणाले,
"आज काड्या जास्त."