मुकाट जुळलेल्या फायली

तान्ह्या बाळांच्या औषधाची मात्रा काढणारा प्रोग्रॅम मी आणि नागपूरची वैदेही मिळून लिहीत होतो. एका दुपारी दोघींचं काम एकत्र करायला गेले, तर स्क्रीनवर एकाच जागी दोन ओळी उभ्या राहिल्या. माझी ओळ बाळाचं वजन किलोत धरत होती, तिची ग्रॅममध्ये. कुठली ठेवायची, ते मी सांगायचं होतं. नर्स वजन भरतात तो भाग मी माझ्या कॉम्प्युटरवर उतरवूनच घेतला नव्हता, त्यामुळे त्या ते किलोत भरतात की ग्रॅममध्ये, हे मला कळत नव्हतं. मी तिला फोन लावला.

"थांब, कशालाही हात लावू नकोस," ती म्हणाली. "वजन आता ग्रॅममध्ये येतं. तुझी ओळ राहिली असती तर हजारपट औषध गेलं असतं बाळाला."

तिची ओळ ठेवली, तरी भीती ओसरेना. दोघींनी एकाच ओळीला हात लावला असेल, तर तेवढंच यंत्र ओरडून सांगतं. वेगवेगळ्या जागी एकमेकींच्या विरुद्ध लिहिलेलं ते गुपचूप जोडून टाकतं. घरातही भांडणापेक्षा असं न बोलता जुळवून घेतलेलंच मला जास्त धास्तावतं. बाकीच्या सगळ्या फायली कसलीही कुरबुर न करता जुळल्या होत्या.

"वैदेही, फोन ठेवू नकोस," मी म्हटलं आणि त्यातली पहिली उघडली.