सेटवरचे सतरा कॉल

आमची पलटण त्या वर्षी उत्तरेच्या सीमेवर, बर्फात होती. मी हवालदार होतो आणि बेस पोस्टवर रेडिओ सेट सांभाळत होतो. बेसच्या वर, चालत तीन तासांवर, एक लिंक पोस्ट होती. तिथं तीन माणसं, एक तंबू, एक स्टोव्ह, दोन सेट. वरच्या पोस्टचा संदेश खाली आणि खालचा वर पोचवणं एवढंच त्यांचं काम.

लिंक पोस्टचा कमांडर नाईक जनार्दन देसले. तो मुरबाड तालुक्यातला, मी शहापूरचा, तानसाच्या अलीकडच्या गावातला. पलटणीत सातारा, सांगली, कोल्हापूरची माणसं जास्त. आमच्या कंपनीत ठाणे जिल्ह्यातले आम्ही दोघंच, म्हणून ड्युटी नसली की तो मला दादा म्हणायचा. त्याच्यासोबत लान्स नाईक मारुती शेळके आणि शिपाई गणेश पाटोळे.

रुटीन ठरलेलं होतं. पाचला उठायचं. स्टोव्हवर बर्फ वितळवायचा. सहाला रेडिओ चेक. नंतर तंबूवरचा बर्फ फावड्यानं आणि अँटेनावरचा मेसटिननं, म्हणजे जेवणाच्या पत्र्याच्या डब्यानं, काढायचा. चाळीस दिवस हेच.

एकेचाळिसाव्या दिवशी सहाचा चेक ओके झाला. सहा दहाला वरून आवाज आला. ढगांच्या गडगडाटासारखा, पण आभाळ स्वच्छ होतं. आम्ही सगळे बाहेर आलो. हिमकडा कोसळला, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

सहा बाराला सेट बोलला. नियमाप्रमाणे आधी कॉल साइन यायला हवी, आणि बोलणं हिंदीत. तसं झालं नाही.

"दादा, तंबू नाय."

"लिंक, फिर से बोलो."

"इथं तंबूच नाय, दादा. नुसता बरफ हाय. मारुती आन् गणेश आत हायेत."

जनार्दन अँटेना साफ करायला बाहेर गेला होता. छोटा सेट त्याच्या छातीला होता. तंबू त्याच्यापासून वीस पावलांवर होता आणि आता नव्हता. कंपनी कमांडर माझ्या बाजूला उभे होते. त्यांनी रेस्क्यू पार्टी काढली. मी बटण दाबलं.

"पार्टी निघाली. दर दहा मिनिटांनी कॉल दे. दहा मिनिटं. समजलं?"

"दहा मिन्टं. रॉजर."

आलेला प्रत्येक कॉल मी वेळ टाकून लॉगमध्ये लिहिला. पार्टी आठ पंचावन्नला पोचली. मारुती आणि गणेश सात फूट खाली सापडले. दोघंही गेले होते. जनार्दनला हेलिकॉप्टरनं हॉस्पिटलमध्ये हलवलं. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापावी लागली. लॉग माझ्या सहीनं चौकशीला गेला. जनार्दनची पुढे दुसरीकडे बदली झाली. नंतर आम्ही लग्नाकार्यात भेटत राहिलो. भाताचं बोललो, पेन्शनचं बोललो. त्या सकाळचं एकदाही बोललो नाही. मला वाटायचं, जे झालं ते दोघांनाही माहीत आहे, पुन्हा उगाळायचं कशाला.

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. तो माझ्याआधीच घरी आला होता. गेल्या उन्हाळ्यात, सकाळी सातला, त्याच्या बायकोचा फोन आला. सुरेखा तिचं नाव. ती कधी फोन करत नसे.

"भाऊ, तुमी या. हे मागल्या अंगणात उकरतात."

"काय उकरतो?"

"जमीन. हातानं. पाच दिस झाले. नखं गेली सगळी."

मी मोटरसायकल काढली. दीड तासात पोचलो. घरामागं छातीइतका खोल खड्डा होता. जनार्दन आत उभा होता आणि दोन्ही हातांनी माती बाहेर टाकत होता. मला पाहून त्यानं सावधान झाल्यासारखी पाठ ताठ केली. मग पुन्हा वाकला.

सुरेखानं मला बाजूला घेतलं. "काल बोलले, मला पन हितंच झाकून टाक. मी काय करू, भाऊ?"

तिनं तोवर बरंच करून पाहिलं होतं. गावातल्या भगताकडे नेलं. त्यानं अंगारा दिला, आणि डॉक्टरकडेही ने असं तोच म्हणाला. गावाजवळच्या डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी जनार्दन झोपला, पण स्वप्नातून त्याला जागंच होता येईना. उठायचा तेव्हा अंथरूण घामानं भिजलेलं असायचं. गोळ्या त्यानं स्वतःच बंद केल्या. माजी सैनिकांच्या कार्डावर मोठ्या हॉस्पिटलात जाता आलं असतं. तो तयार नव्हता. "कागदावर वेडा म्हनून नाव नको," एवढंच म्हणाला.

मी त्याला शहरात एका मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. नाव मोठं होतं. दोन तास थांबलो, आत चार मिनिटं मिळाली. डॉक्टर सुरेखाशीच बोलले, त्याच्याकडे पाहिलं नाही. "आर्मीवाले ना? पीत असतील," असं म्हणून तीन औषधं लिहिली. जनार्दननं आयुष्यात थेंब घेतलेला नाही. तो उठला, खुर्ची नीट जागेवर सरकवली आणि बाहेर गेला. परत येताना म्हणाला, "दादा, बास आता. पुन्हा कुनाकडं नाय."

मी त्याच्याकडून एकच गोष्ट मागितली. आणखी एक डॉक्टर. फक्त एक. त्याला बराच वेळ लागला, पण हो म्हणाला.

शहापूरच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या वारी एक तरुण मानसोपचारतज्ज्ञ येत. तिशीचे असतील. त्यांनी मला आणि सुरेखाला बाहेर बसवलं आणि जनार्दनला पाऊण तास दिला. बाहेर रांग होती, कुणीतरी कुरकुर केली, तरी दार उघडलं नाही. मग आम्हाला आत बोलावलं.

"मी त्यांना सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का," डॉक्टर म्हणाले. "ते हो म्हणाले. तुम्हाला सांगायला त्यांची परवानगी आहे."

सुरेखानं पदर तोंडाला लावला. जनार्दन जमिनीकडे पाहत होता, पण त्याचे खांदे खाली आले होते. पाठीवरून पिट्टू उतरवल्यावर जसे येतात तसे.

डॉक्टरांनी तिला कामं नेमून दिली. फवारणीचं औषध आजच घरातून हलवायचं. त्याला एकटं सोडायचं नाही, कोण कधी सोबत राहणार ते ठरवायचं. रात्री-अपरात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा तो लिहून दिला. एक औषध सुरू केलं आणि ते कशासाठी, किती दिवसांनी लागू पडेल, ते समजावलं. मग पेन खाली ठेवलं.

"आता खरं सांगतो. हा आजार मी ओळखतो. पण याच्यावर औषधाबरोबर जे बोलण्याचे उपचार लागतात, त्यांचं शिक्षण मला नाही. मी करायला गेलो तर चूक होईल. तुम्हाला योग्य माणूस मी शोधून देतो. तोवर दर आठवड्याला माझ्याकडे यायचं."

आणि आमच्यासमोर त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या तिघांकडे जमलं नाही. चौथ्या फोनवर ते उभे राहिले आणि "थँक यू, मॅडम" म्हणाले. निघताना मला म्हणाले, "सुभेदार साहेब, मी सांगतोय म्हणून विश्वास ठेवू नका. त्यांनाही विचारा. असे पेशंट आधी पाहिलेत का, गोळ्यांशिवाय काय करणार, आणि गुण येतोय हे आम्हाला कसं कळणार."

मी चोवीस वर्षं वर्दीत काढली. हाताखालच्या माणसांसमोर, खुर्चीवर बसून, "मला हे येत नाही" म्हणणारे अधिकारी मी फार थोडे पाहिले. त्या पोराएवढ्या डॉक्टरला मी सॅल्यूट केला. सवयीनं नव्हे.

फोनवरच्या त्या मॅडम आसनगावला बसत. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, पांढरे केस बांधलेल्या. दरड कोसळलेल्या गावांतल्या माणसांबरोबर त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. जनार्दन दारातच थबकला. खोली लहान होती, खिडकी एकच. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग छताकडे, आणि उठल्या.

"देसले, आपण बाहेर ओसरीत बसू. तुम्हाला कुठली बाजू मोकळी हवी?"

त्याच्या घरी कुणालाच हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. तो खळ्यावर झोपतो, बंद खोलीत जेवत नाही, याला सगळे हट्ट समजत. या बाईंनी दहा सेकंदांत ओळखलं आणि स्वतः दोन खुर्च्या उचलून बाहेर नेल्या.

मी तिन्ही प्रश्न विचारले. त्या रागावल्या नाहीत. प्रत्येकाचं उत्तर दिलं. उपचार ऐकायला साधे वाटले. दर आठवड्याला जनार्दननं ती सकाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं सांगायची. डोळे मिटून, आत्ता घडतंय अशी. मग पुन्हा. मग पुन्हा.

"आधी त्रास वाढेल," मॅडम म्हणाल्या. "थांबायचं असेल तर हात वर करायचा. मी थांबेन. हुकूम तुमचा चालेल, माझा नाही."

पहिल्या दिवशी त्यानं चार वाक्यांनंतर हात वर केला. मॅडम थांबल्या. पुढच्या वेळी तो अँटेनापर्यंत गेला. त्याच्या पुढच्या वेळी आवाजापर्यंत. मी फाटकाबाहेर थांबत असे. शब्द ऐकू येत नसत, आवाज येई. मी गोळीबारात पुढे जाणारी माणसं पाहिली आहेत. त्यांना मागं वळायची सोय नसते. हा माणूस दर मंगळवारी मुरबाडहून घरच्या कुणाला तरी मागं बसवून मोटरसायकल चालवत यायचा, स्वतःहून खुर्चीवर बसायचा आणि स्वतःहून त्या बर्फात जायचा. असं धैर्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सहाव्या आठवड्यात मॅडम फाटकापाशी आल्या.

"ते एका जागी अडकलेत. तुम्ही त्या दिवशी सेटवर होतात ना? त्यांची परवानगी आहे. आत या."

मी ओसरीत बसलो. जनार्दनचा शर्ट घामानं चिकटला होता.

"साहेबांसमोर पुन्हा सांगा," मॅडम म्हणाल्या. "तंबू दिसत नाही. तुम्ही काय करता?"

"उकरतोय. हातानं उकरतोय."

"किती वेळ?"

"दहा मिन्टं." "दहा मिन्टं उकरलं आन् मंग बसलो. बसून राह्यलो. ते आत होते आन् मी बसलो, दादा."

अकरा वर्षं हा माणूस हे धरून जगत होता. आणि ती दहा मिनिटं त्याची नव्हतीच. तो माझा हुकूम होता. दर दहा मिनिटांनी कॉल दे, असं मी म्हणालो होतो. त्या सकाळमधलं त्याच्या डोक्यात तेवढंच उरलं होतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय ऐकलंत, तेवढंच सांगा. धीर देऊ नका. समजूत घालू नका."

मी पाठ ताठ केली आणि रिपोर्ट दिला.

"पहिला कॉल सहा बारा. दुसरा सहा बावीस, 'उकरतोय, काय लागलं नाय.' सहा बत्तीस, 'फावडं तंबूत गेलं, मेसटिननं उकरतोय.' सात बारा, 'मेसटिन चेपला, हातानं काढतोय.' सात बावन्नला मी तुला हुकूम दिला, थांब, हातमोजे घाल. तू म्हणालास, 'मोजे फाटले, दादा. दोरी दिसली, मी थांबत नाय.' आठ बावन्न, शेवटचा कॉल, सतरावा. 'उकरतोय.' एकही कॉल चुकला नाही. आठ पंचावन्नला पार्टी पोचली. पार्टी कमांडरचा मेसेज मी स्वतः घेतला. देसलेला दोन माणसांनी धरून बाजूला करावं लागलं, तो हात थांबवत नव्हता. दोन तास त्रेचाळीस मिनिटं. रिपोर्ट समाप्त."

जनार्दननं डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. जणू तो हात त्याला पहिल्यांदाच दिसत होता.

"मी बसलो नाय?"

"नाही."

"सतरा कॉल?"

"सतरा. सगळे माझ्या अक्षरात आहेत."

मग तो रडला. मॅडमनी पाण्याचा ग्लास त्याच्या बाजूला ठेवला. आसनगाव स्टेशनवरून गाडी गेली. आम्ही तिघं तसेच बसून होतो. अकरा वर्षं एका माणसाची सुटका माझ्यापाशी पडून होती आणि ते मला ठाऊक नव्हतं. एक बाई योग्य प्रश्न विचारेपर्यंत ती तशीच राहिली.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. औषध चालू आहे. काही आठवडे वाईट जातात, तेव्हा तो शहापूरच्या डॉक्टरांना स्वतः फोन करतो. दार अजून उघडं लागतं. पण यंदाच्या लावणीला तो शेतात होता आणि सुरेखाला रात्री झोप लागते.

एका मंगळवारी मॅडम त्याला म्हणाल्या, "ती सकाळ आता पुरे. ती दोन माणसं कशी होती, ते सांगा." तो तासभर बोलला. घरी जाताना मला म्हणाला, "दादा, त्यांच्या घरी जाऊ या."

मारुतीच्या घरी आधी गेलो, मग सांगली जिल्ह्यात गणेशच्या. त्याची आई दारात बसून शेंगा फोडत होती. जनार्दननं ओळख सांगितली. मग उभ्यानंच, वेळेसकट, सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं,

"तू सारा वेळ तिथंच होतास?"

"सारा वेळ, आई."

"त्याच्या डोक्याशी?"

"हो."

तिनं मान हलवली. "मंग माझं लेकरू एकलं नव्हतं," ती म्हणाली, आणि आम्हाला आत बसायला सांगितलं.

लान्स नाईक मारुती शेळके, वय एकतीस. सगळ्यांच्या आधी उठून स्टोव्ह पेटवायचा आणि पहिला कप दुसऱ्याला द्यायचा. शिपाई गणेश पाटोळे, वय बावीस. बेसुरा गायचा आणि थांब म्हटलं की आणखी मोठ्यानं गायचा. त्या दिवशी सहाच्या रेडिओ चेकला जनार्दनच्या मागून त्याचं गाणं बेसवर ऐकू आलं होतं. लॉगमध्ये मी ते लिहिलं नव्हतं. इथं लिहितो.