घाट चढवणारा प्रोसेसर

आमच्या ताईच्या सासऱ्यांइतका विचार करून जगात कोणी प्रोसेसर निवडला नसेल, आणि इतका चुकीचाही. सगळं घर त्यांना बाबूजी म्हणतं. जन्मभर त्यांनी रेल्वेचं इंजिन चालवलं. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना डोळ्यांच्या तपासणीत लाल-हिरवा ओळखता येईना, तेव्हा त्यांना इंजिनावरून उतरवून ऑफिसातलं टेबल दिलं. त्याबद्दल ते बोलत नसत. पण निवृत्त होताच त्यांनी एकच ध्यास घेतला. कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायचा खेळ आणायचा आणि भरलेली मालगाडी पुन्हा एकदा दरेकसाच्या घाटात चढवायची.

गोंदियातल्या दुकानात मी सोबत होतो. वडीलधारे गिऱ्हाईक म्हणून दुकानदाराने चहा मागवला, आणि तिथेच तो फसला. त्याच्याकडे दोन प्रोसेसर होते. एकात काम करणारे भाग, म्हणजे कोर, दोनच पण वेगवान, आणि दुसऱ्यात चार पण जरा सावकाश. हा खेळ जुना आहे, एकाच कोरवर चालतो, बाकीचे रिकामे बसतील, म्हणून वेगवालाच घ्या, असं तो हिंदीत परोपरीने समजावत होता. बाबूजींच्या लेखी कोर म्हणजे इंजिन.

"वेग कायले पाहिजे? रिकामं इंजन कोणीही पळवते. घाटात मागून दुसरं लावा लागते. मले ओढणारा पाहिजे."

दुकानदाराने आशेने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

चार कोरचा घरी आला आणि व्हायचं तेच झालं. सपाटीवर गाडी झकास धावे. डोंगर, झाडी आणि लांबलचक मालगाडी एकत्र आली की चित्र अडखळे. मला वाईट वाटलं, बदलून आणतो म्हणालो. पण त्यांचा चेहरा खुलला होता. "राहू दे. चढ आहे, इंजन ओढून राहिलं." खेळातला मुलूख परदेशी, बर्फाचा, त्यांनी तिथल्या स्टेशनांना सालेकसा, दरेकसा अशी नावं देऊन टाकली. बोगद्याआधीची शिटी कधी चुकली नाही, मग शेजारी दुपारचे झोपलेले का असेनात.

अडचण फक्त सिग्नलची होती. इंजिनात एकाने सिग्नल मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने तोच परत म्हणायचा, अशी रीत असते. ते काम ताईच्या सासूबाईंनी घेतलं. त्या जन्मात कधी इंजिनात चढल्या नव्हत्या. ड्यूटी कधी संपेल ते न कळता ताट झाकून बसायचं, एवढाच त्यांचा रेल्वेशी संबंध. आता त्या तांदूळ निवडत शेजारी बसतात.

परवा गेलो तेव्हा गाडी घाटाच्या तोंडाशी उभी होती आणि बाबूजी एकटेच बसले होते. सिग्नल तर हिरवा होता. मी सांगायला तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला.

"ते भात पाहाले गेली. येऊ दे तिले."

मग आम्ही दोघं वाट पाहत बसलो. सासूबाई पदराला हात पुसत आल्या, पडद्याकडे पाहिलं.

"हिरवा झाला जी."

"हिरवा," बाबूजी म्हणाले, आणि मालगाडी अडखळत घाट चढू लागली.