स्टॉप न म्हणणारे साडूभाऊ

यंत्राची तब्येत विचारण्यात आमच्या साडूभाऊंचा हात धरणारा माणूस आख्ख्या आंबेगाव-जुन्नरात सापडायचा नाही. पेठहून घोडेगावात माझ्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आले, की आधी कोपऱ्यातल्या सर्व्हरची विचारपूस, मग माझी. सर्व्हर म्हणजे एक जुनाट डबा. डोंगरातल्या पेशंटना रिपोर्टसाठी पुन्हा एसटीचा हेलपाटा पडू नये, म्हणून तो रिपोर्ट मोबाइलवर धाडायचा. साडूभाऊ काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत आणि आत सतत चालणाऱ्या एकेका प्रोग्रॅमचं, म्हणजे सर्व्हिसचं, स्टेटस विचारत, तेही मानाप्रमाणे. डेटाबेस थोरला म्हणून आधी, मग रिपोर्ट धाडणारी, छपाईची सगळ्यात शेवटी. मी एकदा गडबडीत छपाईला आधी विचारलं, तर त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं.

हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकलो, म्हणजे शिकलो असं मला वाटलं. सरावासाठी त्यांनी माझ्या लॅपटॉपवरही त्याच सर्व्हिसेस बसवून दिल्या होत्या. एकदा ते लग्नाला गेले आणि इकडे रिपोर्ट जाईनात. मी ऐटीत स्टेटस विचारलं, तर सगळं हिरवंगार. बाहेर बसलेल्या पेशंटना मी छाती काढून सांगितलं, की दोष नेटवर्कचा आहे. साडूभाऊंना फोन लावल्यावर कळलं, की मी सर्व्हरला जोडलोच गेलो नव्हतो. इतका वेळ माझ्याच लॅपटॉपची ख्यालीखुशाली विचारत बसलो होतो. "निदान ल्यापटाप तरी धडधाकट हाय," ते म्हणाले.

एक शब्द मात्र त्यांच्या बोटांना वर्ज्य होता, स्टॉप. सर्व्हिस कितीही अडली तरी ते रिस्टार्टच देत. "दिवा विझला म्हनतो का आपन कधी? मंग हिला तरी थांब कसं म्हनायचं?"

यंदा मी पुण्याच्या एका कंपनीची नवी व्यवस्था घेतली. त्यांच्या माणसाने बजावलं, की जुनी रिपोर्टची सर्व्हिस बंद करा, नाहीतर पेशंटला दोन-दोन रिपोर्ट जातील. आता ही सर्व्हिस साडूभाऊंनी आपल्या हातांनी उभी केलेली. त्यांना न सांगता बंद करायची माझी हिंमत नव्हती आणि सांगायची तर त्याहून नव्हती. हा माणूस दुखावला तर येणंच सोडेल, ही खरी धास्ती होती. म्हणून ते आले की मी नुसता चहा पाजायचो आणि बिबट्या, टोमॅटो, लेण्याद्रीच्या पायऱ्या अशा जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचो. शेवटी तेच म्हणाले, "भाऊ, तुमचं त्वांड सांगतंय. काय बंद करायचं हाय?"

मी सांगितलं. ते खुर्चीत बसले, मानाप्रमाणे सगळ्यांचं स्टेटस विचारलं, मग स्टॉपची आज्ञा टाइप केली आणि एन्टर न दाबता खुर्ची मागे सरकवली. "ह्ये तुमी दाबा राव. माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

मी दाबलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. मला वाटलं, नेहमीप्रमाणे माझं काहीतरी चुकलं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

"चुकलं ना?" मी आशेनं विचारलं.

"न्हाई भाऊ. या बारीला बरोबर झालं. चुकलं की ह्यो पडदा बोलतो, बरोबर झालं की गप ऱ्हातो."

चहा झाला. साडूभाऊंनी पिशवी उचलली, दाराशी चपला घातल्या आणि "येतो" म्हणाले. कशासाठी येणार, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही.