मोहरीवरच्या अळ्या

निजामाचं राज्य होतं. मी न्हातीधुती झाले होते, माझ्यासाठी स्थळं पाहणं चाललं होतं. केदारखेड्याचा मळा वडील आणि धाकटे काका एकत्रच कसत. त्या हिवाळ्यात वडिलांनी विहिरीखालच्या तुकड्यात पानकोबी लावली आणि कडेनं मोहरी पेरली. अळ्या आधी मोहरीवर तुटून पडतात, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. मोहरी अळ्यांनी भरली की उपटून जाळायची, म्हणजे कोबी वाचते.

पण मोहरी फुलली आणि काकांना दाण्याचा मोह पडला.

"हातचं पीक कुनी जाळतं का? बिलकुल उपटायची न्हाई."

"जाळायलाच पेरली ती," वडील म्हणाले. "आता थांबलो तर समद्या अळ्या कोबीत उतरतील."

काका भोकरदनच्या बाजाराला गेले, त्या दिवशी वडिलांनी आईला आणि मला उपटायला लावलं. पानांची पार चाळण झाली होती. रोप मुठीत धरलं की अळ्या चिरडत, हिरवं पाणी मनगटावरून ओघळे. उपटलेलं वडील लगेच तुराट्यांच्या जाळात टाकत. अळ्या वळवळत, तडतडत, काळ्या पडत. खाली सांडलेल्या अळ्या आई टाचेनं रगडत होती. मला किळस आली नाही. उलट जोर चढला.

काका आले तेव्हा शेवटची पेंढी माझ्या हातात होती.

"कुनाला इचारून उपटून राह्यली गं?"

बैलाचा आसूड माझ्या पाठीवर बसला, चोळी फाटली. दुसरा फटका गालावर. मी जळती तुराटी उचलून त्यांच्या अंगावर फेकली. ती चुकवून ते माझ्यावर धावले, तोच वडिलांनी बाजूनं कुदळीचा दांडा हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. वडिलांनी पुन्हा हाणला. आई मध्ये पडली, तेव्हा कुठं त्यांचा हात थांबला.

"दादा, हात गेला माझा!" काका मातीत बसून ओरडत होते.

वडिलांनीच त्यांना गाडीत घातलं आणि पिंपळगावच्या हाडवैद्याकडे नेलं. मीही गेले, माझ्या पाठीलाही लेप हवा होता. हाड बसवताना वडिलांनी काकांना छातीशी दाबून धरलं. कळ सोसेना तेव्हा काकांनी त्यांच्या दंडाला कडाडून चावा घेतला. रक्त आलं, तरी वडिलांनी मिठी सोडली नाही.

कोबी भरदार आली. काकांचा हात मात्र वाकडाच जुळला, मोट हाकणं सुटलं. पाडव्याला वाटणी झाली. माझ्या लग्नाला काका आले, अक्षता टाकल्या आणि न जेवताच निघून गेले. वडील त्यांना थांबवायला उठले नाहीत.