चौथा ठोका

देवीजवळ चुकीचं मागणं मागणारा मी एकटाच नसेन, पण माझ्याइतक्या नेमाने कुणी ते मागितलं नसेल. महिनाभर रोज सकाळी अंबाबाईच्या देवळात जाऊन मी एकच म्हणत होतो, "आई, हा आवाज बंद कर." मोठ्या तापातून उठल्यापासून दोन्ही कानांत सारखी किणकिण सुरू होती. डॉक्टर म्हणाले, ऐकू थोडं कमी येईल, किणकिण कदाचित राहील. दुसऱ्या कुणाचं त्यामुळे अडलं नसतं. मी पडलो मोटरसायकलचा मिस्त्री. उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत तीस वर्षं मी गाडी आधी कानाने तपासतो, मग पान्याने. कानच गेला तर आपल्याकडे उरलं काय, या विचाराने घास गोड लागेना.

त्यातच गारगोटीहून लेक आणि जावई आले. जावयांची गाडी दारात थांबली आणि बंद व्हायच्या आत मला तिच्यात एक बारीक टकटक ऐकू आली. टॅपेट जुळवले, आतली चेन पाहिली, टकटक तशीच. जावई म्हणाले, "मामा, परवाच शोरूमला दाखवलीया. कायबी न्हाय." लेकीने मला बाजूला घेतलं. "आबा, गाडीत न्हाय, तुमच्या कानात वाजतंय ते." ती मायेने बोलली, म्हणून जास्तच लागलं. दोन दिवसांनी दोघं त्याच गाडीवरून गगनबावड्याचा घाट उतरून कुणकेश्वरला जाणार होते. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवून आत बघणं एवढाच मार्ग होता. पण जावयांची धडधाकट गाडी सासऱ्याने खोलायची आणि आत काहीच निघालं नाही तर? मी मनाशी ठरवून टाकलं, तसं झालं तर दुकानाला कुलूप. खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी सकाळी देवळातून परतताना मला देवीचा रागच आला होता.

शुक्रवार होता. गाडी चालू ठेवून मी तिच्याजवळ उकिडवा बसलो होतो, तेवढ्यात जोगवा मागत एक गोंधळी दुकानासमोर आला. गळ्यात कवड्यांची माळ, कमरेला संबळ. मी हातानेच थांबा म्हटलं. तो थांबला, मान तिरकी केली आणि काडीने संबळावर हलकेच इंजिनाचाच ताल धरू लागला. तीन ठोके सरळ पडत होते आणि चौथ्यामागून एक बारीक टक येत होती, मला ऐकू येत होती नेमकी तिथेच. "पावणं," तो मोठ्याने म्हणाला, "ह्यो चौथा ठोका अडखळतोय की ओ! आत काय तरी अडाकलंय." जावई दारातच उभे होते. त्यांनी गाडी बंद केली आणि हेडच्या आड येणारी पेट्रोलची टाकी उतरवायला हात लावला.

इंजिन गार होईपर्यंत लेक चहा घेऊन आली. मग चार नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत सैल केले, लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं आणि हेड उचललं. पिस्टनच्या काळ्या माथ्यावर नखाएवढी चकचकीत खूण होती. एक वॉल्व्ह, म्हणजे आतली झडप, आपल्या नळीत अडकत होता, परत बसायला उशीर करत होता आणि पिस्टन त्याला ओझरता लागत होता. आज ना उद्या तो तुटला असता. कुठे तुटला असता, हे मी लेकीसमोर बोललो नाही. मी तिथेच खाली बसलो आणि सगळ्यांदेखत रडलो. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. "चुकलं माझं, आबा," म्हणत लेक शेजारी बसली.

गोंधळ्याला शिधा दिला, त्याच्या पाया पडलो. तो कोपऱ्यावर गेला आणि तिथे लावलेली आपली जुनी मोपेड त्याने चालू केली. अख्खी गल्ली दणाणली. सायलेन्सर, चेन, मडगार्ड, वाजायचं काही बाकी नव्हतं. मी धावत जाऊन त्याला थांबवलं. "अहो, ही केवढी वाजतीया!" तो खरोखरच चकित झाला. "व्हय? मला तर कायबी ऐकू येत न्हाय. रोजचीच हाय न्हवं."

त्याची मोपेड मी त्याच दुपारी नीट करून दिली. जावयांच्या गाडीला नवा वॉल्व्ह बसला, दोघं सुखरूप कुणकेश्वरला जाऊन आले. माझ्या कानातली किणकिण मात्र अजून आहे. आईने माझं ऐकून सगळाच आवाज बंद केला असता, तर ती टकटकही गेली असती. आता देवळात मी काही मागत नाही. कानातलं वाजत असतं, मी हात जोडून उभा असतो. आणि दुकानात कधी शंका आली, तर रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही बिनदिक्कत हाक मारतो, "पावणं, जरा इकडं या. तुम्हाला ऐकू येतंय का बघा."