अठ्ठेचाळीस किलो

स्पर्धेच्या आदल्या दिवशी अठ्ठेचाळीस कुणाशी बोलत नसे, कारण तिचं तोंड कामात असे. गालात लिमलेटची गोळी, हातात रिकामी बाटली. सुटलेली लाळ ती बाटलीत थुंकत राही. वजन उतरवायचं तर अंगातलं पाणी जिथून निघेल तिथून काढायचं, हे आमच्या अकोल्याच्या बॉक्सिंग हॉलचं शास्त्र. एकदा अमरावतीला जाताना एसटीत शेजारच्या बाईने मला हळूच विचारलं, "दिवस गेले का वं पोरीले?" अठ्ठेचाळीसने बाटली खाली केली. "दिवस नाई गेले मावशी. वजनच जाऊन नाई राहिलं."

तिचं नाव वर्षा. दर्यापूरकडच्या एका खेड्यातून हॉलवर आली तेव्हा कपाशीच्या पऱ्हाटीच्या काडीएवढी बारीक होती. अठ्ठेचाळीस किलोच्या गटात खेळली, राज्य पातळीवर कांस्यपदक घेऊन आली आणि तेव्हापासून तो आकडाच तिचं नाव झाला. तिचे वडील दर्यापूरच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवत. मागे किती माणसं कोंबली आहेत याची चिंता न करता ते प्रत्येक फेरीत सांगत, "माही पोरगी अठ्ठेचाळीस किलोवाली हाय." पोरगी मात्र वाढत होती. खांदे रुंदावले, उंची माझ्याएवढी झाली. आकडा तेवढा वाढू द्यायचा नव्हता.

कारण वरच्या गटात मी होते. हॉलवर आम्हाला शिकवणाऱ्या सरांचा हिशेब साधा होता. "एका गटात दोन पोरी म्हणजे एक मेडल फुकट." आणखी एक चांगलं मेडल आलं की खेळाडूंच्या कोट्यातून तिला नोकरी, हे सरांनी तिच्या घरी जाऊन सांगितलं होतं. ही व्यवस्था मला गैरसोयीची नव्हती. आम्ही एकाच खोलीत राहायचो. मी जेवायचे आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. "वास बी वजन वाढवते का वं?" असं एकदा तिने भिंतीलाच विचारलं होतं.

अकोल्याच्या उन्हाळ्यात माणसं दुपारी दारं लावून घेतात. ती त्या वेळी प्लास्टिकचा रेनकोट घालून मैदानाला चकरा मारी. संध्याकाळी पाण्याने चूळ भरी आणि थुंकून टाकी. ते पाणी थुंकताना तिचा चेहरा मी पाहत नसे. पहिल्या दोन राउंडमध्ये तिच्यासमोर कुणी टिकत नव्हतं. तिसऱ्यात मात्र तिचे हात आपोआप खाली येत, आणि जिंकलेली लढत जाई. सर म्हणत, "तिसऱ्या राउंडले डोकं सोडून देतं तुयं. ताकद डोक्यात असते, पोरी."

"डोकं बी पाण्यावरच चालते ना, सर."

सरांना हे उद्धटपणाचं वाटलं. निदान मनोबलाच्या कमतरतेचं झालं होतं, आणि आपल्याकडे मनोबल भाषणाने वाढवतात. गावातल्या सत्कारात मोठा बॅनर लागला. त्यात पाहुण्यांचा फोटो छातीपर्यंत आणि हिचा तिकिटाएवढा. पाहुणे म्हणाले, "शरीर थकतं, मन कधी थकत नाही." अठ्ठेचाळीस माझ्या कानाशी पुटपुटली, "यायले जेवण झाल्यावरच सुचते हे." शाल तिने ठेवली, पेढ्यांचा डबा माझ्या मांडीवर सरकवला.

मग अमरावतीहून मानसिक तयारीचे एक तज्ज्ञ आले. आम्हा सगळ्यांना सतरंजीवर बसवून त्यांनी डोळे मिटायला लावले. "आता समोर काय दिसतं ते सांगा." कुणाला तिरंगा दिसला, कुणाला पदक. अठ्ठेचाळीस म्हणाली, "रोडगे दिसून राहिले, सर. वांग्याची भाजी बी." हॉल हसला. ती हसली नाही. मिटलेल्या डोळ्यांनी ती खरंच तिकडे पाहत होती.

वरच्या गटात जाऊ का, असं तिने घरी एकदा विचारलं होतं. वडील म्हणाले, "त्या गटात नाव होऊन राहिलं ना, मंग काहून?" त्यानंतर तिने कुणालाच विचारलं नाही.

जिल्हा निवडीच्या सकाळी मी मेसमध्ये गेले, तर ती तर्री-पोह्यांच्या दुसऱ्या प्लेटवर होती.

"अवं, वजन व्हायचं हाय!"

"होऊ दे ना. मी काय त्याले धरून ठेवलं?"

काट्यावर ती सावकाश चढली. पंचांनी आकडा पाहिला, मान हलवली. ती म्हणाली, "वरच्या गटात लिहा." सर धावत आले, खालच्या आवाजात बरंच बोलले. ती काट्यावरून उतरली नाही. सगळ्यांसमोर हात धरून उतरवणं सरांना शोभलं नसतं, त्यामुळे पंचांनी लिहिलं.

दुपारी रिंगमध्ये माझ्यासमोर ती होती. पहिल्या राउंडला तिने मला दोरापर्यंत रेटलं. दुसऱ्यालाही. मी घाबरले नाही. तिसऱ्या राउंडची वाट पाहत होते. तिचे हात केव्हा खाली येतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. घंटा वाजली. हात खाली आले नाहीत. माझं नाक फुटलं तरी ते वरच होते. निकालानंतर माझ्या दातांवरचं रबरी गार्ड तिनेच काढलं आणि विचारलं, "लय लागलं का वं?"

राज्य स्पर्धा अमरावतीला झाली. पहिल्याच लढतीत तिची गाठ एका उंच, हाडापेराने मोठ्या मुलीशी पडली आणि ती हरली. ही बातमी मला सरांकडून कळली. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण समाधान जास्त.

संध्याकाळी अमरावतीच्या स्टँडवरून तिचा फोन आला. मागे गाड्यांचे भोंगे.

"नोकरीचं काय आता?" मी विचारलं.

"बाबा बोलून नाई राहिले माह्याशी. सर म्हणते, परत खाली उतर. मी नाई उतरत."

"मंग हॉलवर येशील ना?"

"सर येऊ नाई देत. गावी चालली मी."

"हारली ना पण शेवटी," मी म्हणाले.

"हो ना वं, हारली," ती घाईघाईने म्हणाली. "बस लागून राहिली, पण तू ऐक तर. तिसऱ्या राउंडले काय झालं, तिनं उजवा टाकला, मी खाली बसली, अन् खालून असा दिला..."